चार हातांचं काम

झाकण कोणी धरलं होतं?

हवालदाराला विचारलं. साहेबांना विचारलं. शवागाराबाहेर सही घ्यायला बसलेल्या माणसालाही विचारलं. तो म्हणाला, "कसलं झाकण?" मी त्याच्या टेबलावर हात आपटला, तेव्हा दोघांनी दंडाला धरून मला बाहेर नेलं. उत्तर कोणी दिलं नाही. अजून दिलेलं नाही.

मी फार शिकलेलो नाही. रचून सांगणं मला जमत नाही. तुम्ही पोरं शटर अर्धं ओढून बसलात आणि विचारलंत, म्हणून झालं तेवढं सांगतो. मध्ये कोणी बोलू नका. ज्याला उठायचं असेल त्याने आत्ताच उठावं.

नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार होता. दिवे नुकतेच लागले होते. माझा मोठा भाऊ, दादा, दारात मोटरसायकलच्या मागच्या सीटला दोरी गुंडाळत होता.

"कुठे निघालात?" वहिनी आतून म्हणाली.

"मढं आणायला."

"अहो, दिवेलागणीला तरी तोंडाला आवर घाला."

"बरं. थोडं जिवंत मिळालं तर बघतो."

दादा जुने लॅपटॉप दुरुस्त करायचा. वीस-वीस वर्षांचे, विटेसारखे जाड. त्यांचे सुटे भाग आता कोणी बनवत नाही. मग त्याच मॉडेलचं मेलेलं मशीन भंगारातून शोधायचं आणि त्याचे अवयव काढून दुसऱ्यांना बसवायचे. कीबोर्ड एकाला, पंखा दुसऱ्याला, स्क्रीन तिसऱ्याला. अशा मेलेल्या मशीनला आमच्या धंद्यात मढं म्हणतात. ऐकायला वाईट वाटतं. आता मलाही वाटतं.

हे मढं हवं होतं भरतकामवाल्या मावशींसाठी. त्यांच्या कारखान्यातलं भरतकामाचं मोठं मशीन नक्षी घेतं ते फक्त एका जुन्या लॅपटॉपकडून. त्याच्या पाठीला पिनांचं रुंद तोंड आहे, तसं नव्यांना येत नाही. तो लॅपटॉप बंद पडला की नक्षी बंद, आणि नक्षी बंद पडली की तिथल्या सगळ्या बायका घरी.

त्याच्या बिजागऱ्या तुटल्या होत्या. या जुन्या मशीनचं तसंच असतं. बिजागरीतलं ग्रीस वाळतं, ती आवळत जाते, आणि एक दिवस कोणी घाईत एकाच कोपऱ्याला धरून झाकण उघडतं. कडकन तुटते. दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "दोन्ही हातांनी उघडा. तान्ह्या बाळाचं अंगडं काढता तसं." ऐकतंय कोण.

बिजागरी बदलणं हे चार हातांचं काम. तिचे स्क्रू झाकण ताठ उभं असतानाच हाताला येतात, आणि ते सुटले की झाकणाला आधार उरत नाही. पडलं तर स्क्रीन फुटते, आतली केबल तुटते. म्हणून एकाने स्क्रू फिरवायचे आणि दुसऱ्याने समोर बसून, मागच्या बाजूने, वरची कड दोन्ही हातांनी धरून ठेवायची. स्क्रू दादाचे. धरायचं काम माझं. बाकी माझ्या हातात जे दिलं ते मोडायचं. दादा गिऱ्हाइकांना सांगायचा, "याला ताकद पाठवलीय. डोकं मागाहून येतंय." मला तो पक्कड म्हणायचा. गल्लीत अजून सगळे तेच म्हणतात.

आमच्यात शब्द दोनच. तो "धर" म्हणाला की धरायचं. "सोड" म्हणेपर्यंत सोडायचं नाही. एकदा काम चालू असताना त्याला फोन आला आणि तो बोलत बोलत गल्लीच्या टोकाला गेला. परत आला तेव्हा मी तसाच बसलेलो. बोटं पांढरी पडलेली, दंड थरथरत होते.

"अरे, टेकवायचं ना कशाला तरी."

"तू सोड म्हणाला नाहीस."

तो हसून हसून खाली बसला. मग माझे दंड चोळून दिले. चिपवर लावायची ती राखाडी पेस्ट त्याच्या तळव्यांना कायम लागलेली असायची, कितीही धुतली तरी. माझ्या दंडांवर त्याचे पंजे उमटले. उजव्या पंजाची करंगळी आखूड. तिचं वरचं पेर लहानपणी सायकलच्या चेनमध्ये गेलं होतं.

तर त्या गुरुवारी मी म्हणालो, "मीपण येतो."

"येताना मागे मशीन बसणार आहे. तुला काय टाकीवर बसवू?" त्याने हेल्मेट घातलं. "झोप तू, पक्कड. उद्या सकाळी धरायचंय."

मी जेवलो आणि झोपलो.

मध्यरात्र उलटून गेल्यावर वहिनीने मला हलवून उठवलं. तिच्या हातात फोन होता. तिने फोन माझ्यापुढे केला, पण मला तो घेता येईना. माझे दोन्ही हात छातीसमोर ताठ उभे होते. बोटं वाकलेली. त्यांत जीव नव्हता. झोपेत अवघडले असतील… तेव्हा तेवढंच वाटलं.

शहरातून आमच्याकडे येताना ओढ्यावर एक अरुंद पूल आहे. तिथे ट्रकने दादाला उडवलं. ट्रक थांबला नाही, सापडलाही नाही.

दादाची मोटरसायकल पुलाच्या अलीकडे स्टँडवर नीट लावलेली होती. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. पुलाचा कठडा रुंद आहे, गुडघ्याच्या जरा वर. त्यावर दादाचा रुमाल पसरलेला, आणि रुमालावर स्क्रू ओळीने मांडलेले, दादा मांडायचा तसे. शेजारी मढं. दोन्ही बिजागऱ्या काढून रुमालाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या.

आणि झाकण उभं होतं.

हे मला पहिल्यांदा पोचलेल्या हवालदाराने सांगितलं. सहज सांगितलं. "लॅपटॉप उघडाच होता. झाकण ताठ. मी हात लावला आणि धाडकन पडलं, काच फुटली."

"बिजागऱ्या काढलेल्या होत्या ना?"

"हो."

"मग झाकण उभं कसं राहिलं? कोणी धरलं होतं?"

त्याने बाटली पुढे केली. म्हणाला, "पाणी पी."

डिसेंबरातल्या पहिल्या सोमवारी सकाळी मावशी आल्या. चप्पल दाराबाहेर काढून वहिनीजवळ बसल्या. कामाचं बोलायला त्यांना अवघड वाटत होतं. शेवटी वहिनीच म्हणाली, "लॅपटॉप न्यायला आलात?"

"न्यायला नाही गं. नुसतं विचारायला. दुसऱ्या दुकानात म्हणतात, फेकून द्या. पोरींना मी तीन आठवडे काहीबाही सांगून थांबवलंय. आता त्या दुसरीकडे जातील."

"यांनी शब्द दिला होता," वहिनी म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं.

"उद्या सकाळी आणून देतो," मी म्हणालो.

"तुला येतं?" मावशींनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारलं.

"नाही," मी म्हणालो आणि उठलो.

बिजागऱ्या पोलिसांकडे होत्या. दिवसभर बाकड्यावर बसवून संध्याकाळी त्यांनी पिशवी दिली. दोन बिजागऱ्या, स्क्रू, रुमाल. मी दादाच्याच मोटरसायकलवर निघालो. घराकडे वळायचं, ते वळलोच नाही. पुलाकडे गेलो. का, ते माहीत नाही. मी ठरवून काही करतच नाही.

पूल अंधारात होता. रस्त्याच्या पलीकडे, जरा मागे, पंक्चरवाल्याची टपरी आहे. कंदिलाएवढा एक दिवा. म्हातारा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मी समोर उभा राहिलो. त्याने वर बघितलं आणि त्याच्या हातातली ट्यूब सुटली.

"आलास," तो म्हणाला. "मला वाटलं तूही गेलास."

"मी कुठे जाणार?"

"त्या रात्री. भाऊ पडला आणि तू दिसेनासा झालास. मी बॅटरी घेऊन ओढ्यात उतरलो तुला शोधायला. गुडघाभर पाणी."

"बाबा, मी त्या रात्री घरी झोपलो होतो."

म्हातारा उठला. दिवा उचलून माझ्या तोंडाजवळ आणला. मग माझ्या हातांजवळ. डाव्या हाताचं मधलं नख शटरखाली सापडून उभं चिरलं होतं, ते बघितलं.

"पोलीसही तेच म्हणाले," तो म्हणाला. "'धाकटा घरी होता, आम्ही विचारलंय. बाबा, चष्मा बदला.' बस इथे."

मी टायरावर बसलो. त्याने जसं सांगितलं तसंच सांगतो.

"साडेअकरा झाले असतील. मी दिवा बारीक करत होतो. पुलावर एक पोरगा उभा दिसला. कुठून आला ते दिसलं नाही. लाल स्वेटर, छातीवर पांढरा पट्टा. तुझा भाऊ शहराकडून आला. पोराने हात केला नाही, काही नाही. नुसता उभा. गाडी थांबली. भाऊ म्हणाला, 'तू कसा आलास इथे?' पोरगा बोलला नाही. त्याने दोन्ही हात पुढे केले. काही धरायला देतात ना… तसे. भाऊ हसला. मोठ्याने. म्हणाला, 'घरी पोचेपर्यंतही धीर नाही का रे तुला?' आणि गाडी स्टँडवर लावली. मशीन सोडलं, कठड्यावर ठेवलं. तो एका बाजूला, पोरगा दुसऱ्या. बॅटरी तोंडात धरून काम करत होता. म्हटलं असतील कोणी कारागीर. मी ट्यूब गुंडाळायला लागलो…"

त्याने पाण्यात हात घातला, काढला.

"ट्रकचा उजेड आला. वळणावरून आत घुसला, कठड्याकडे. पोराच्या पाठीमागून. तुझ्या भावाने मान वर केली. त्याला मागे सरकायला जागा होती. दोन पावलं मागे आला असता तर… नाही आला. पुढे गेला. पोराच्या छातीवर दोन्ही हात ठेवून त्याला ढकललं."

"मग?"

"माणसाला ढकललं की आपण थोडे अडतो. तो अडला नाही. समोर कोणी नसावं… तसा पुढे गेला. सरळ ट्रकपुढे."

ट्यूबमधून अजून बुडबुडे येत होते.

लाल स्वेटर वहिनीने आदल्या वर्षी माझ्यासाठी विणला होता. पांढरा पट्टा छातीवर आहे. त्या नोव्हेंबरात थंडीचे कपडे अजून बाहेर निघालेच नव्हते. स्वेटर वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीच्या तळाशी होता. आणि दादा गेल्यावर वहिनीने त्याचे कपडे त्याच पेटीत टाकून कुलूप लावलं होतं. कुणाला हात लावू देत नव्हती.

घरी आलो तेव्हा ती झोपली होती, किंवा तसं दाखवत होती. मी पुढच्या खोलीत दादाच्या टेबलाशी बसलो. दिवा लावला. मावशींचा लॅपटॉप ओढला. तुटलेल्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढले. दादाला बघून बघून तेवढं येत होतं. मग झाकण उभं करून त्यामागे वहिनीच्या दोऱ्याच्या रिळांची खोकी रचली.

खोकी सरकली. झाकण कललं, मी छातीने अडवलं. पुन्हा रचली. पुन्हा सरकली. स्क्रू टेबलाखाली पडला. मी खोकं उचलून भिंतीवर मारलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्याचाही राग आला.

"धर ना रे, दादा," मी म्हणालो.

झाकण स्थिर झालं.

मी त्यावरून हात काढला. ते उभं होतं. मागे खोकं नव्हतं. काही नव्हतं.

भीती वाटली नाही. खरं सांगतो, वाटली नाही. बरं वाटलं. वाटलं, आला. मी वर बघितलं नाही. दादाही काम करताना कधी वर बघायचा नाही. डावी बिजागरी बसवली. पहिला स्क्रू उलटा फिरवून आट्याची जागा शोधली, मग सुलटा आवळला, तो करायचा तसा. बोलत होतो मी. मावशी आल्या होत्या म्हणालो. वहिनी नीट जेवत नाही म्हणालो. तुझी गाडी तिसऱ्या गिअरला अडकते, ते तू कधी सांगितलं नाहीस म्हणालो. समोरून आवाज नाही. दादा काय, काम चालू असताना बोलतच नसे.

उजवी बिजागरी. एक स्क्रू. दोन.

शेवटचा स्क्रू उचलायला मी दिवा जवळ ओढला. उजेड झाकणाच्या कडेवर पडला.

बोटं होती.

मागून येऊन वरच्या कडेवर वाकलेली. चार इकडे. चार तिकडे.

मी करंगळ्या बघितल्या.

दोन्ही पूर्ण होत्या.

मग डाव्या हाताचं मधलं बोट… नख उभं चिरलेलं.

मी माझ्या हातांकडे बघितलं. एकात स्क्रू. एकात स्क्रूड्रायव्हर. डाव्या हाताचं मधलं नख उभं चिरलेलं.

पुन्हा वर.

चिरलेलं.

झाकणामागे काय आहे, ते मला दिसत नव्हतं. टेबलापलीकडे दिव्याचा उजेड जात नव्हता. श्वासाचा आवाज येत होता. तो माझाच होता. पण… दोन ठिकाणांहून येत होता.

यानेच थांबवलं दादाला. यालाच ढकलायला दादा पुढे गेला. याच्या जागी मी आहे असं समजून. मी स्क्रूड्रायव्हर मुठीत उलटा धरला. वर उचलला. त्या बोटांत खुपसायचा. आरपार…

तेव्हा दिसलं.

बोटं थरथरत होती. टोकं पांढरी पडली होती. फार वेळ धरून ठेवलं की माझी पडतात, तशी.

त्या गुरुवारपासून तो धरून होता. "धर" म्हणणारा गेला. "सोड" म्हणायचं राहून गेलं.

मी हात खाली घेतला. शेवटचा स्क्रू लावला. उलटा. मग सुलटा. आवळला. पुन्हा आवळला. त्याला आवळायला आणखी काही उरलं नव्हतं.

मान खाली ठेवूनच म्हणालो, दादा म्हणायचा त्याच आवाजात,

"सोड."

आधी डावा हात निघाला. मग उजवा. दादाने मला शिकवलं होतं तसाच.

झाकण जागच्या जागी उभं राहिलं. समोर भिंत होती.

उजाडल्यावर वहिनी बाहेर आली. लॅपटॉप चालू होता. तिने झाकण दोन्ही हातांनी मिटलं, दोन्ही हातांनी उघडलं. भिंतीशी फुटलेलं खोकं बघितलं. मग मला बघितलं.

"एकट्याने होत नाही हे," ती म्हणाली. "कोणी धरलं?"

मी टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलून ठेवला.

तिने जास्त विचारलं नाही. आत गेली. कुलूप उघडल्याचा आवाज आला, पेटीचं झाकण भिंतीला लागल्याचा आवाज आला. मग वर्तमानपत्राचं पुडकं घेऊन आली.

"बाहेर गारठा आहे. हा घालून जा मावशींकडे."

दोरा सुटेना, तो तिने दातांनी तोडला. कागद उलगडला. लाल स्वेटर. तिने झटकायला उचलला आणि तिचे हात तिथेच थांबले.

पांढऱ्या पट्ट्यावर दोन पंजे होते. राखाडी. शेजारी शेजारी. बोटं फाकलेली, जोर लावून उमटलेली. उजव्या पंजाची करंगळी आखूड.

"हा मी स्वतः धुऊन ठेवला होता," वहिनी म्हणाली. "मार्चमध्ये."

पुलावरचं तिला मी तेव्हा सांगितलं नव्हतं. नंतरही कधी सांगितलं नाही. ती रडली नाही. खुर्ची ओढून बसली आणि स्वेटर माझ्यापुढे केला.

"धर," ती म्हणाली.

मी तो खांद्यांशी पकडला, ताठ, झाकण धरतो तसा. वहिनीने आपले तळवे त्या पंज्यांवर ठेवले. बोटावर बोट. उजवी करंगळी तिने दुमडून घेतली. डोळे मिटले.

बाहेर शटरं उघडायला लागली. मावशींच्या कारखान्याची वेळ झाली. माझे हात भरून आले, मग थरथरायला लागले.

ती काही म्हणाली नाही. मी सोडलं नाही.